वेठ आणि विवेक : रोबोसाहाय्यित गुडघेबदल शस्त्रक्रियेचा विचार

मराठी घरांत गुडघ्याच्या शस्त्रक्रियेविषयी बोलताना दोन शब्दप्रयोग सर्रास वापरले जातात, आणि त्या दोन्हींमुळे या उपचाराची समज मूळ जागेवरून थोडी सरकते. पहिला शब्दप्रयोग ‘वाट्या बदलणे’ हा होय. गुडघ्याची वाटी म्हणजे पुढच्या बाजूस हाताला लागणारे, मांडीच्या स्नायूच्या कंडरेत बसलेले लहान गोलसर हाड. गुडघेबदल शस्त्रक्रियेत ते हाड जागेवरच राहते, फार तर त्याच्या मागच्या बाजूस प्लॅस्टिकचे अस्तर लावले जाते. खरोखर बदलतात ती मांडीच्या हाडाच्या खालच्या आणि नडगीच्या हाडाच्या वरच्या टोकाची झिजलेली पृष्ठे, आणि तीही काही मिलिमीटर जाडीपुरतीच. दुसरा शब्दप्रयोग ‘रोबोने ऑपरेशन केले’ हा असून तो ऐकताना यंत्र स्वतःच्या बुद्धीने हाड कापत आहे आणि शल्यविशारद बाजूला उभा राहून पाहत आहे, असे चित्र डोळ्यांपुढे येते. आज प्रचलित असलेल्या बहुतेक यंत्रणांमध्ये मात्र त्वचा उघडण्यापासून टाके घालण्यापर्यंतची सारी कृती शल्यविशारद करतो आणि हाडाचे काप घेतानाही करवत त्याच्याच हाती असते.

‘रोबो’ हा शब्द चेक लेखक कारेल चापेक यांच्या १९२० साली प्रसिद्ध झालेल्या ‘आर. यू. आर.’ या नाटकातून जगभर गेला. तो त्यांना त्यांचे चित्रकार बंधू योसेफ यांनी सुचवला होता, आणि ज्या ‘रोबोटा’ या चेक शब्दावरून तो घेतला त्याचा अर्थ जमीनदारासाठी कुळाने सक्तीने करावयाचे काम, म्हणजे मराठीत ज्याला वेठ म्हणत आले तेच. मराठीत ‘यंत्रमानव’ हा प्रतिशब्द रुळला खरा, परंतु त्यातील ‘मानव’ या पदामुळे निर्णयशक्तीचा आभास निर्माण होतो. शस्त्रक्रियागृहातील यंत्राला वेठीचा मूळ अर्थच अधिक शोभतो. वेठीला धरलेला माणूस सांगितलेले काम सांगितल्याबरहुकूम करतो. काम कोणते असावे, ते करावे की करू नये, हे ठरवणे त्याच्या अखत्यारीत येत नाही. रोबोसाहाय्यित शस्त्रक्रियेने योजना आणि तिची अंमलबजावणी यांतील अंतर पुष्कळ कमी केले आहे. मात्र योजना योग्य होती की नाही, हा प्रश्न त्यामुळे सुटत नाही, उलट तो अधिक ठळकपणे समोर येतो, हे प्रस्तुत व्याख्यानाचे प्रतिपादन आहे.

सांधा आणि त्याची झीज

गुडघा हा बिजागरीसारखा सांधा आहे असे म्हटले जाते, पण बिजागरीला एकच आस असते आणि गुडघ्याला तशी एक स्थिर आस नसते. पाय दुमडताना मांडीच्या हाडाची गोलाकार टोके नडगीच्या सपाट माथ्यावर घरंगळतात, घसरतात आणि थोडी फिरतातही. या हालचालीला धरून ठेवतात ते चार प्रमुख अस्थिबंध, म्हणजे हाडाला हाडाशी बांधणारे चिवट पट्टे, आणि ती गुळगुळीत राखते ती कूर्चा, म्हणजे हाडांच्या टोकांवरील काही मिलिमीटर जाडीचा चकचकीत थर. चालताना या सांध्यावर शरीराच्या वजनाच्या सुमारे अडीचपट, तर जिना उतरताना तिपटीहून अधिक भार येतो. कूर्चेत रक्तवाहिन्या नसतात, त्यामुळे ती एकदा झिजली की फारशी भरून येत नाही. तिच्यात वेदनेच्या तंतूंचाही अभाव असतो, त्यामुळे झीज बरीच पुढे जाईपर्यंत माणसाला तिचा पत्ता लागत नाही. ‘वंगण संपले’ किंवा ‘गॅप कमी झाला’ असे जे म्हटले जाते, त्यामागचे वास्तव असे की क्ष-किरण चित्रात दोन हाडांमध्ये दिसणारी मोकळी जागा ही न दिसणाऱ्या कूर्चेची जागा असते, आणि कूर्चा विरली की हाडे एकमेकांजवळ आलेली दिसतात. वेदना उद्भवते ती हाड, सांध्याचे आतील अस्तर आणि भोवतालच्या ऊती यांमधून. त्यामुळे चित्रातील झीज आणि प्रत्यक्षातील दुखणे यांचे प्रमाण नेहमी जुळतेच असे नाही.

हा विकार केवळ शहरी, बैठ्या जीवनाचा आहे, हा समज महाराष्ट्रातच झालेल्या एका कामाने खोडून काढला. डॉ. अरविंद चोप्रा यांच्या नेतृत्वाखाली पुणे जिल्ह्यातील भिगवण येथे १९९६ साली घरोघर जाऊन सांधेदुखीची पाहणी सुरू झाली. जागतिक आरोग्य संघटनेच्या सहयोगाने अनेक देशांत राबवलेल्या ‘कॉपकॉर्ड’ या उपक्रमाचा ती भाग होती. भिगवणच्या सुमारे चार हजार प्रौढांच्या या पाहणीत जवळपास १८ टक्के लोकांना हाडे, सांधे वा स्नायूंचे दुखणे आढळले आणि त्यांत झिजेच्या संधिवाताचा वाटा मोठा होता. शेतात वाकून काम करणाऱ्या, डोक्यावर ओझे वाहणाऱ्या, दिवसातून अनेकदा उकिडवे बसणाऱ्या माणसांचे गुडघे चर्चेच्या मध्यभागी आणणारे हे काम होते, आणि रोबोच्या चर्चेतही ही माणसे दृष्टीआड होऊ नयेत, याची आठवण ते करून देते.

हस्तिदंतापासून कोबाल्ट-क्रोमपर्यंत

झिजलेला सांधा काढून दुसरा बसवण्याची कल्पना जुनी आहे. बर्लिनचे शल्यविशारद थेमिस्टोक्लेस ग्लुक यांनी १८९० साली क्षयरोगाने नष्ट झालेल्या गुडघ्यांत हस्तिदंताची बिजागरी बसवली होती. सुरुवातीचे यश जंतुसंसर्गाने हिरावून घेतले, आणि सांध्यात जुना संसर्ग असताना कृत्रिम सांधा बसवू नये, हा धडा वैद्यकाला त्या अपयशातून मिळाला. विसाव्या शतकाच्या मध्यास धातूच्या बिजागऱ्या आल्या. परंतु एका आशीवर फिरणारी बिजागरी घरंगळणाऱ्या सांध्याची जागा घेऊ शकत नव्हती, आणि प्रत्येक पावलाचा पीळ तिच्या दांड्यांवर येऊन त्या हाडातून सैल होत असत.

पुढची दिशा इंग्लंडमधील रायटिंग्टन येथे सापडली. तेथे जॉन चार्नली यांनी १९६०च्या दशकात खुब्याच्या सांध्यासाठी धातूचा गोळा, प्लॅस्टिकची खोबण आणि दोहोंना हाडाशी पक्के करणारे ॲक्रिलिक ‘बोन सिमेंट’ अशी जोडणी सिद्ध केली होती. त्यांच्याकडे काम करणारे कॅनडाचे फ्रँक गन्स्टन यांनी १९६८ साली तेच तत्त्व गुडघ्याला लावले आणि बिजागरी टाळून केवळ घासणारी पृष्ठे बदलली. १९७४ साली न्यूयॉर्कच्या ‘हॉस्पिटल फॉर स्पेशल सर्जरी’ या रुग्णालयात जॉन इन्सॉल, चित्तरंजन राणावत आणि अभियंते पीटर वॉकर यांनी घडवलेला ‘टोटल कॉन्डायलर’ गुडघा आला, आणि आजचे बहुतेक कृत्रिम गुडघे त्याच वंशातले आहेत. मांडीच्या हाडावर कोबाल्ट-क्रोम मिश्रधातूचे टोपण, नडगीच्या माथ्यावर धातूची तबकडी आणि दोहोंमध्ये अतिशय दाट पॉलिएथिलीनची गादी, अशी या आजच्या गुडघ्यांची रचना असते. इंदूरच्या वैद्यकीय महाविद्यालयात शिकलेल्या राणावत यांनीच पुढे तत्कालीन पंतप्रधान अटलबिहारी वाजपेयी यांच्या दोन्ही गुडघ्यांवर मुंबईच्या ब्रीच कँडी रुग्णालयात, एकावर ऑक्टोबर २००० मध्ये आणि दुसऱ्यावर जून २००१ मध्ये, शस्त्रक्रिया केली. तेव्हा वृत्तपत्रांच्या पहिल्या पानांवरून हा उपचार घराघरांत पोहोचला.

येथे एक गोष्ट नोंदवणे आवश्यक आहे. ही शस्त्रक्रिया रोबो येण्यापूर्वीच वैद्यकातील अत्यंत यशस्वी शस्त्रक्रियांपैकी एक ठरली होती. राष्ट्रीय सांधेरोपण नोंदवह्यांतील आकडेवारी एकत्र करून २०१९ साली ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या अभ्यासाने संपूर्ण बदललेल्या गुडघ्यांपैकी सुमारे ८२ टक्के गुडघे २५ वर्षे टिकतात असा अंदाज मांडला. त्याचबरोबर अनेक पाहण्यांत असेही दिसत आले की शस्त्रक्रिया झालेल्या पाच रुग्णांपैकी साधारण एक रुग्ण निकालाबाबत समाधानी नसतो. टिकाऊपणा इतका असताना हे असमाधान का उरते, हे कोडे रोबोच्या आगमनामागील एक मोठी प्रेरणा आहे.

एका अंशाची किंमत

रूढ पद्धतीत हाडाचे काप घेताना शल्यविशारद मांडीच्या हाडाच्या पोकळीत एक लांब दांडी घालतो, तिच्या आधाराने धातूचा साचा बसवतो आणि त्या साच्याच्या खाचेतून करवत चालवतो. खुब्याच्या केंद्रापासून गुडघ्याच्या केंद्रातून घोट्याच्या केंद्रापर्यंत जाणारी रेषा, जिला भाराची आस म्हणता येईल, ती शक्य तितकी सरळ यावी हे पारंपरिक उद्दिष्ट आहे. मात्र मांडीचे हाड स्वतः या रेषेशी साधारण पाच ते सात अंशांचा कोन करते आणि हा कोन माणसागणिक बदलतो. दांडी पोकळीत किंचित तिरपी गेली, किंवा हाडालाच बाक असला, की काप चुकतो. गुडघ्यापासून खुब्यापर्यंतचे अंतर चाळीस सेंटिमीटर धरल्यास गुडघ्याजवळची एका अंशाची चूक खुब्याजवळ सुमारे सात मिलिमीटरची होते आणि तीन अंशांची चूक दोन सेंटिमीटरच्या पुढे जाते. अनुभवी हाताच्या शल्यविशारदाकडूनही अशा चुका काही रुग्णांत होतात, कारण त्याला दिसते ते उघडलेल्या जखमेपुरते हाड असते, खुबा आणि घोटा कापडाखाली झाकलेले असतात.

दुसरा प्रश्न संतुलनाचा आहे. पाय सरळ असताना आणि काटकोनात दुमडलेला असताना दोन हाडांमधील अवकाश आतल्या व बाहेरच्या बाजूस सारखा असावा लागतो. तो एका बाजूस सैल राहिला तर गुडघा डगमगतो आणि घट्ट राहिला तर तो नीट वाकत नाही. रूढ पद्धतीत हा ताण शल्यविशारद हाताच्या जाणिवेने आणि फटीत पट्ट्या घालून जोखतो. ही जाणीव वर्षानुवर्षांच्या सरावाने येते. तिचा आकडा सांगता येत नाही, आणि म्हणून ती शिकवणे व तपासणे दोन्ही कठीण असते.

यंत्र नेमके काय करते

शस्त्रक्रियेतील रोबोचा पहिला मोठा प्रयोग गुडघ्यावर झाला नाही, खुब्यावर झाला. ‘रोबोडॉक’ हे यंत्र आधी कुत्र्यांवर वापरून १९९२ साली कॅलिफोर्नियातील सॅक्रामेंटो येथे माणसाच्या मांडीच्या हाडात कृत्रिम सांध्याच्या दांड्यासाठी पोकळी कोरण्यास वापरले गेले. ते ‘सक्रिय’ प्रकारचे यंत्र होते, म्हणजे पाय घट्ट बांधून ठेवल्यावर आखून दिलेल्या मार्गाने ते स्वतः हाड कोरत असे आणि शल्यविशारदाच्या हाती ते थांबवण्याचे बटण असे. लंडनच्या इम्पीरियल कॉलेजमध्ये ब्रायन डेव्हिस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘ॲक्रोबॉट’ या यंत्रात वेगळा विचार मांडला. कापणारे साधन शल्यविशारदाने धरावे, यंत्राने केवळ मर्यादेबाहेर जाऊ देऊ नये, हा तो विचार होय. या यंत्राने केलेल्या अर्धगुडघेबदलाच्या, म्हणजे सांध्याचा एकच झिजलेला कप्पा बदलण्याच्या, २००६ साली प्रसिद्ध झालेल्या छोट्या नियंत्रित चाचणीत यंत्राच्या गटातील सर्व पायांचा कोन योजनेच्या दोन अंशांच्या आत आला, तर रूढ गटात हे प्रमाण ४० टक्के होते.

आज ‘माको’ या नावाने ओळखली जाणारी आणि २०१३ साली ‘स्ट्रायकर’ या कंपनीने सुमारे १.६५ अब्ज डॉलरना विकत घेतलेली यंत्रणा याच ‘अर्धसक्रिय’ विचाराची आहे. शस्त्रक्रियेपूर्वी सीटी स्कॅनवरून रुग्णाच्या हाडाची त्रिमितीय प्रतिकृती संगणकात तयार होते आणि कोणत्या मापाचा सांधा कोठे बसेल याची आखणी होते. शस्त्रक्रियागृहात मांडीच्या व नडगीच्या हाडात बारीक खिळे बसवून त्यांवर खुणेच्या पट्ट्या लावतात. अवरक्त किरणांचा कॅमेरा त्या पट्ट्यांचे स्थान सतत टिपत राहतो, त्यामुळे पाय हलला तरी हाड कोठे आहे हे यंत्राला कळते. मग शल्यविशारद टोकदार काडीने हाडावरील अनेक बिंदूंना स्पर्श करतो आणि संगणकातील प्रतिकृती व समोरचे हाड एकमेकांशी जुळवली जातात. या जुळवणीला नोंदणी म्हणतात, आणि ती चुकली तर पुढची सारी अचूकता चुकीच्या जागी खर्च होते. त्यानंतर पाय सरळ आणि दुमडलेल्या स्थितीत ताणून पाहिला जातो, दोन्ही बाजूंच्या फटी मिलिमीटरमध्ये पडद्यावर दिसतात आणि हाड कापण्यापूर्वीच आखणीत अर्ध्या-एक अंशाची दुरुस्ती करता येते. करवत आखलेल्या पातळीच्या बाहेर जाऊ लागली की यंत्रभुजा तिला अडवते किंवा ती बंद पडते.

सर्व यंत्रणा अशाच नसतात. ‘रोझा’ ही यंत्रणा साचा नेमक्या कोनात धरून ठेवते आणि काप शल्यविशारद घेतो, ‘कोरी’मध्ये हातात धरण्याचे कोरणीयंत्र असून ते मर्यादेजवळ मंद होते किंवा आत ओढले जाते, आणि त्यासाठी सीटी स्कॅन लागत नाही, कोरियात घडवलेली ‘क्यूविस’ ही जुन्या रोबोडॉकच्या सक्रिय परंपरेतली आहे. अशा भिन्न यंत्रांना ‘रोबो’ हे एकच नाव लावल्याने एकाच्या अभ्यासाचा निष्कर्ष दुसऱ्याच्या जाहिरातीत शिरतो, याचे भान वाचकाने ठेवणे योग्य ठरेल.

पुराव्याची तपासणी

यंत्राने कोन अचूक येतो, याविषयी पुरावा भक्कम आहे. दक्षिण कोरियात शंभर रुग्णांवर झालेल्या आणि २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या नियंत्रित चाचणीत भाराची आस तीन अंशांहून अधिक ढळलेला एकही पाय रोबोच्या गटात नव्हता, रूढ गटात मात्र असे २४ टक्के पाय होते. त्याच चाचणीत शस्त्रक्रियेला सरासरी २५ मिनिटे जास्त लागली आणि रुग्णांच्या हालचालीच्या गुणांकनात दोन गटांत फरक दिसला नाही. सुरुवातीच्या आठवड्यांविषयी काही अनुकूल निष्कर्ष आहेत. लंडनमधील २०१८च्या एका अभ्यासात यंत्रभुजेच्या गटातील रुग्ण मध्यमानाने ७७ तासांत, तर रूढ गटातील १०५ तासांत घरी जाण्याजोगे झाले आणि त्यांना वेदनाही कमी होत्या. परंतु तेथे रुग्णांची गटवारी चिठ्ठ्या टाकून केलेली नव्हती, आणि नव्या यंत्राविषयीची उत्सुकता रुग्णाच्या वेदनेवरही परिणाम करू शकते.

दीर्घकाळाचा सर्वांत मोठा नियंत्रित पुरावा सोलमधून २०२० साली आला. हजारांहून अधिक रुग्णांचा किमान दहा वर्षे मागोवा घेतलेल्या त्या चाचणीत रोबोडॉकने आणि हाताने केलेल्या शस्त्रक्रियांत कार्यक्षमता, वेदना, सैलपणा, टिकाऊपणा यांपैकी कशातही महत्त्वाचा फरक आढळला नाही; दोन्ही गटांत १५ वर्षांनंतर सुमारे ९८ टक्के सांधे शाबूत होते. हा निष्कर्ष जुन्या पिढीच्या यंत्राचा आणि अत्यंत कुशल शल्यविशारदाच्या हाताचा आहे, हे मान्य केले पाहिजे. वर्षाला मोजक्याच शस्त्रक्रिया करणाऱ्याच्या हाती यंत्र दिल्यास अंतर अधिक दिसेल, हा युक्तिवाद समजण्याजोगा आहे. मात्र तो युक्तिवाद सिद्ध करण्याचे ओझे यंत्र विकणाऱ्यांवर आहे, रुग्णावर नाही. यंत्राचे काही धोकेही त्याचे स्वतःचेच आहेत. खिळ्यांच्या जागी क्वचित हाड मोडते किंवा संसर्ग होतो, नोंदणी चुकू शकते, आणि यंत्र शिकण्याच्या काळात वेळ वाढतो. रक्ताच्या गुठळ्या, भूल यांसारखे मूळ शस्त्रक्रियेचे धोके, किंवा शंभरात सुमारे एकाला होणारा खोल जंतुसंसर्ग, यंत्रामुळे नाहीसे होत नाहीत.

कोणता सरळपणा?

कोन अचूक येऊनही रुग्णाला फरक जाणवू नये, याची एक शक्यता अशी की जो कोन साधायचा तोच सर्वांसाठी योग्य नसावा. सरळ रेषेच्या आग्रहाला १९९१ सालच्या एका ब्रिटिश अभ्यासाने बळ दिले होते. त्यात आस तीन अंशांच्या आत असलेल्या गुडघ्यांपैकी ३ टक्के, तर बाहेर गेलेल्यांपैकी २४ टक्के सैल झाले होते. परंतु अमेरिकेतील मेयो क्लिनिकने २०१० साली ३९८ गुडघ्यांचा १५ वर्षांचा हिशेब मांडला, तेव्हा तीन अंशांच्या आतील गुडघे बाहेरच्यांपेक्षा जास्त टिकले, असे दिसले नाही. पुढे २०१२ साली बेल्जियममधील संशोधकांनी कोणतेही दुखणे नसलेल्या २५० तरुण-तरुणींचे पाय मोजले आणि ३२ टक्के पुरुषांत व १७ टक्के स्त्रियांत तीन अंश किंवा अधिक बाह्यवक्रता, म्हणजे धनुष्यासारखा बाक, मूळ घडणीचाच भाग असल्याचे दाखवले. अशा माणसाचा पाय म्हातारपणी गणिती सरळ करणे म्हणजे त्याचे अस्थिबंध आयुष्यभर ज्या ताणात राहिले त्याविरुद्ध त्यांना ओढणे होय. म्हणूनच आता काही शल्यविशारद सरळ रेषेऐवजी रुग्णाच्या झिजेपूर्वीच्या घडणीकडे परत जाण्याचा प्रयत्न करतात, काही दोहोंचा मध्य साधतात, आणि याविषयी एकमत झालेले नाही.

या वादात यंत्राची भूमिका वेठीची आहे. सरळ रेषा सांगितली तर ते सरळ रेषा देईल, तीन अंशांचा बाक सांगितला तर तोही निष्ठेने देईल. आणि दोन्हींपैकी कोणते बरोबर, याविषयी ते मौन पाळील. तरीही त्याचा एक मोठा उपयोग येथेच आहे. हाताच्या शस्त्रक्रियेत ठरवले काय आणि झाले काय यांतील फरक इतका धूसर असे की कोणती आखणी हितकर, याची निर्णायक तुलनाच होत नसे. यंत्रामुळे प्रत्येक गुडघ्याची आखणी आणि निकाल दोन्ही अंशांत व मिलिमीटरमध्ये नोंदले जातात, आणि अशा नोंदी एकत्र येऊन वर्षानुवर्षे तपासल्या गेल्या, तर योग्य आखणीचा प्रश्न पुढेमागे सुटू शकेल. स्वीडनने १९७५ सालापासून गुडघेरोपणाची राष्ट्रीय नोंदवही ठेवून हे दाखवून दिले आहे की सामूहिक स्मृती ही एखाद्या यंत्राइतकीच प्रभावी शस्त्रक्रिया-सुधारणा ठरते.

जमिनीवर बसणारा देश

कृत्रिम गुडघ्याची घडण खुर्चीवर बसणाऱ्या समाजात झाली. खुर्चीत बसण्या-उठण्यासाठी आणि जिना चढण्यासाठी साधारण शंभर अंशांपर्यंत वाक पुरतो. उकिडवे बसण्यासाठी मात्र १३० अंशांच्याही पुढे जावे लागते, आणि मांडी घालताना वाकासोबत पीळही लागतो. शस्त्रक्रियेनंतर बहुतेक रुग्णांना मिळणारा वाक साधारण ११० ते १२५ अंशांचा असतो, आणि तो जास्त मिळाला तरी खोल वाकात प्लॅस्टिकच्या गादीच्या मागच्या कडेवर भार एकवटत असल्याने जमिनीवर बसणे टाळण्याचा सल्ला सामान्यतः दिला जातो. महाराष्ट्रातील ज्या स्त्रीचा दिवस चुलीपुढे, शेतात खुरपणीच्या ओळीत, पंगतीत वाढताना, देवघरात आणि भारतीय पद्धतीच्या शौचालयात जातो, तिच्यासाठी ही तळटीप नसून जगण्याचा मजकूरच आहे.

या संदर्भात जयपूर फूटची आठवण उद्बोधक ठरते. १९६०च्या दशकाच्या अखेरीस जयपूरमध्ये कारागीर रामचंद्र शर्मा आणि शल्यविशारद डॉ. प्रमोद करण सेठी यांनी जो कृत्रिम पाय घडवला, त्याचा आरंभ यंत्रापासून झाला नव्हता. अनवाणी चालता यावे, उकिडवे बसता यावे, मांडी घालता यावी, चिखलात काम करता यावे, या गरजांपासून तो झाला होता. परदेशी पाय या गरजांपुढे निकामी ठरत होते. रबर, लाकूड आणि ॲल्युमिनियम यांनी जे साधले ते केवळ साहित्याच्या स्वस्ताईमुळे साधले नाही; शरीर कोणत्या जमिनीवर वावरणार आहे, हा प्रश्न आधी विचारला गेल्याने ते साधले. गुडघ्याच्या बाबतीत हा प्रश्न अद्याप पुरेसा विचारला गेलेला नाही. भारतीय रुग्णांत, विशेषतः स्त्रियांत, हाडांची लहान मापे आणि आतल्या कप्प्याची झीज होऊन आलेला मोठा बाक वारंवार आढळतो. रोबो या हाडांना सांधा काटेकोर बसवू शकतो, मात्र सांधाच खुर्चीसाठी घडलेला असेल, तर तो काटेकोरपणा खुर्चीपुरताच राहतो.

खर्चाचा हिशेब

कृत्रिम गुडघ्याच्या किमतीवर भारत सरकारने १६ ऑगस्ट २०१७ रोजी मर्यादा घातली. तोपर्यंत रुग्णाला सरासरी दीड लाखाच्या वर पडणारा कोबाल्ट-क्रोमचा संपूर्ण सांधा, वस्तू व सेवा कर वगळून, ५४,७२० रुपयांच्या मर्यादेत आला. हा निर्णय सांध्याच्या किमतीपुरता होता; शस्त्रक्रियागृह, शल्यविशारदाचे मानधन आणि रोबोच्या वापराचे शुल्क त्याच्या कक्षेबाहेर राहिले. रोबोची यंत्रणा काही कोटी रुपयांची असते, तिच्या देखभालीचा करार वेगळा असतो आणि प्रत्येक शस्त्रक्रियेत खुणेच्या पट्ट्या, खिळे, पाती असे एकदाच वापरायचे साहित्य लागते. ही गुंतवणूक वसूल करण्यासाठी शस्त्रक्रियांची संख्या वाढावी, अशी ओढ रुग्णालयात निर्माण होणे स्वाभाविक आहे, आणि ती ओढ शस्त्रक्रियेची गरज ठरवताना मध्ये येऊ नये, हे पाहणे ही धोरणाची बाब आहे. त्यातच अनेक यंत्रणा केवळ आपल्याच उत्पादकाचा सांधा बसवू देतात. म्हणजे रुग्णालयाने यंत्र निवडले की रुग्णाचा सांधाही निवडला जातो. विमा नियामक प्राधिकरणाने २०१९ साली रोबोसाहाय्यित शस्त्रक्रिया विम्यातून सरसकट वगळता येणार नाहीत, असे ठरवले, पण कंपन्यांना त्यासाठी रकमेची उपमर्यादा ठेवण्याची मुभा दिली. त्यामुळे ‘विम्यात बसते’ आणि ‘पूर्ण खर्च मिळतो’ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

शस्त्रक्रियेची वेळ

योग्यतेचा शेवटचा आणि सर्वांत मूलभूत प्रश्न शस्त्रक्रिया करावी का आणि केव्हा, हा आहे. डेन्मार्कमध्ये शंभर रुग्णांवर झालेल्या आणि २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत अर्ध्या रुग्णांवर गुडघेबदल करून नंतर व्यायाम, आहार व वेदनाशामकांचा बारा आठवड्यांचा कार्यक्रम देण्यात आला आणि उरलेल्यांना केवळ तो कार्यक्रम दिला. वर्षानंतर शस्त्रक्रियेच्या गटाची सुधारणा दुसऱ्या गटाच्या जवळपास दुप्पट होती, म्हणजे शस्त्रक्रिया परिणामकारक आहे यात शंका राहिली नाही. परंतु गंभीर गुंतागुंतीही त्याच गटात अधिक होत्या, आणि केवळ कार्यक्रम घेतलेल्यांपैकी सुमारे चौथ्या हिश्श्यालाच त्या वर्षात शस्त्रक्रिया करावीशी वाटली. शरीराचे एक किलो वजन घटले की प्रत्येक पावलागणिक गुडघ्यावरचा भार सुमारे चार किलोंनी कमी होतो, हे मोजमापही येथे लक्षात घ्यावे. मांडीच्या पुढच्या स्नायूंचा व्यायाम, वजनावर ताबा, हातात काठी, उंच आसन यांना यंत्राचे तेज नाही, म्हणून ते उपचाराच्या खालच्या पायरीवरचे ठरत नाहीत. रात्रीची झोप मोडणारी वेदना, घरातल्या घरात चालण्यास येणारी अडचण आणि या उपायांना न दाद देणारे दुखणे, अशा स्थितीत मात्र शस्त्रक्रिया लांबवणे हेही शहाणपणाचे नाही, कारण दीर्घकाळ आखडलेला आणि वाकडा झालेला गुडघा नंतर पूर्ण मोकळा होत नाही.

असमाधानी राहणाऱ्या पाचव्या रुग्णाचे कोडे येथे काही अंशी उलगडते. त्याच्या गुडघ्यात काप चुकलेला असेल, तर यंत्र त्याच्या उपयोगाचे आहे. परंतु वेदना कंबरेतून येत असेल, झीज अल्प असून दुखणे मोठे असेल, किंवा नव्या गुडघ्याकडून त्याने जे मागितले ते तो गुडघा देऊच शकत नसेल, तर करवत अर्ध्या मिलिमीटरच्या अचूकतेने चालली तरी तो पाचवा रुग्ण पाचवाच राहणार.

म्हणून सीटी स्कॅनच्या कागदावर सही होण्यापूर्वी, यंत्र कोणत्या कंपनीचे आहे या चौकशीच्याही आधी, रुग्ण आणि शल्यविशारद यांच्यात एक साधे संभाषण व्हावयास हवे. शस्त्रक्रियेनंतर या माणसाला कोठे जायचे आहे, किती चालायचे आहे, आणि बसायचे कोठे आहे: खुर्चीत, बैलगाडीच्या साटीवर, की पाटावर? या उत्तराला अंश आणि मिलिमीटर नसतात, त्यामुळे ते यंत्रात भरता येत नाही. मात्र यंत्रात जे भरले जाते ते याच उत्तरावरून ठरले पाहिजे.